सूट देण्याचा अधिकार

उल्हासनगर हे शहर आणि मुंबई प्रांताचा दुकाने व आस्थापना यांविषयीचा कायदा ही दोन्ही जवळजवळ एकाच वयाची आहेत. कायदा 1948 सालचा. आणि कल्याणनजीकच्या जुन्या लष्करी छावणीत सिंधमधून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या वस्तीस 'उल्हासनगर' हे नाव राजगोपालाचारींकडून मिळाले ते 8 ऑगस्ट 1949 रोजी. घरदार गमावून आलेली ही माणसे बराकींच्या दाराशी पापड, मिठाई, चहा असे जे मांडता येईल ते मांडून पुन्हा उभी राहू पाहत होती, आणि त्यांस दिवसाचे तास पुरत नव्हते. कायदा मात्र सांगत होता की, उपाहारगृह पहाटे पाचाच्या आत उघडू नये व रात्री बाराच्या पुढे चालू ठेवू नये. नोकरास साडेचाराच्या आत कामास लावू नये व साडेबाराच्या पुढे राबवू नये. भुकेल्यास खाऊ घालणे हे ज्या देशात पुण्य समजले जाते, तेथे अन्नविक्रयास घड्याळ लावणे प्रथमदर्शनी विचित्रच वाटते. पण ते घड्याळ कोणासाठी लावले होते हे पाहिल्यावाचून, त्यातून सूट कोणी व कोणास द्यावी या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाही. आणि आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

ते घड्याळ गिऱ्हाइकासाठी नव्हते, मालकासाठीही नव्हते. जुन्या उपाहारगृहांचा व्यवहार ज्याने जवळून पाहिला असेल त्यास ठाऊक आहे की, कपबशा विसळणारा पोऱ्या रात्री त्याच बाकांवर अंग टाकीत असे. त्यास त्या गावी दुसरे घर नव्हते, आणि म्हणून घरी जाण्याची वेळही नव्हती. दार उघडे आहे तोवर तो नोकर. त्याच कायद्यात दिवसास नऊ तासांची मर्यादा होती खरी, परंतु तिचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही मालकाच्या हातात. दाराचा हिशेब रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही दिसे. दिवा मालवला की पोऱ्या निजेल, हे बंदच्या वेळेमागचे साधे गृहीत होते.

आता सर्वसामान्य नियम म्हटला की तो कोठे ना कोठे आडवा येणारच. अंबरनाथास काड्यापेट्यांचा कारखाना निघाला, पुढे शस्त्रास्त्रांचा कारखाना आला, औद्योगिक वसाहती पसरल्या. पाळीचा भोंगा मध्यरात्रीची पर्वा करीत नाही. मुंबईहून बाराच्या सुमारास सुटणारी कर्जत गाडी बदलापुरास पोचेतो दीड वाजून जातो. तीतून उतरणाऱ्याने नियमापायी उपाशी निजावे काय? ॲरिस्टॉटलने या अडचणीवर लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दृष्टांत दिला आहे. दगड वळेल तशी ती पट्टी वळते. नियमाने माणसाच्या गरजेप्रमाणे असे वळावे, यात आम्हांस काडीमात्र शंका नाही. शंका आहे ती पट्टी कोणाच्या हाती असावी याविषयी.

1948 च्या कायद्याने वळणाच्या दोन वाटा ठेविल्या होत्या. जत्रा वा सण यांच्या निमित्ताने शासनाने ठरावीक मुदतीपुरता कायद्याचा अंमल थांबवावा, ही एक. दुसऱ्या परिशिष्टात राजपत्रातील अधिसूचनेने नवी नोंद घालून सूट द्यावी, ही दुसरी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण नीतीच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. अंबरनाथच्या शिवालयात शके 982 चा शिलालेख आहे. तेथे महाशिवरात्रीस लोटणारी गर्दी कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. तो दिवस पंचांगात आधीच ठरलेला, सूट साऱ्या गावास सारखी, आणि उत्सव संपला की ती आपोआप संपते. परिशिष्टातील नोंदीचे तसे नाही. ती मागावी लागते. ज्यास मंत्रालयाचा जिना ठाऊक त्यास मिळण्याचा संभव अधिक. आणि एकदा मिळाली की ती मुक्काम ठोकून राहते.

इंग्लंडच्या इतिहासात या प्रश्नावर एक राजा सिंहासनास मुकला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती फारशी होणार नाही. दुसऱ्या जेम्सने आपल्या पंथाच्या अधिकाऱ्यांस कायद्याच्या अटीतून मोकळे करण्याचा सपाटा चालविला. 1686 साली हेल्स नामक अधिकाऱ्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी बहुमताने राजाची पाठ राखली. तीनच वर्षांनी, 1689 च्या हक्कांच्या सनदेत, राजाने गाजविलेली ही सत्ता बेकायदेशीर ठरली. आमचे विद्यार्थी विचारतात की, कायदा कठोर असता तो सैल करण्यात अपराध कोणता? अपराध हा की, कायदा सर्वांचा राहतो व त्यातील दया मात्र राजाची होते. लोक मग कायद्याकडे न पाहता राजाच्या तोंडाकडे पाहू लागतात.

बंदच्या वेळेच्या बाबतीत याहून नाजूक गोष्ट आहे. सावकाराने कर्ज सोडले तर तो आपल्या पदरचे सोडतो. शासन उपाहारगृहास रात्रभराची सूट देते तेव्हा ते आपल्या पदरचे काय देते? दान मिळते मालकास, लाभ होतो गिऱ्हाइकास, आणि जाते ती पोऱ्याची नीज. जी मर्यादा एकाच्या रक्षणासाठी घातली, ती दुसऱ्याने तिसऱ्याच्या सोयीसाठी उठवावी, यास औदार्य म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

आपल्या परंपरेत यास तोडीचा विचार आहे, आणि तोही भुकेच्याच प्रसंगात. शांतिपर्वातील आपद्धर्मात बारा वर्षांच्या अवर्षणाने गांजलेला विश्वामित्र रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचे मांस चोरावयास शिरतो, आणि तो चांडाळच जागा होऊन त्यास धर्म सांगू लागतो. विश्वामित्राने नियम मोडला. पण जिवावर बेतले तेव्हा मोडला, त्याचा दोष आपल्या शिरी घेतला, आणि नियम खोटा होता असे म्हटले नाही. ही सूट गरजेने दिली. कोणा राजाने ती बहाल केली नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्याच्यापाशी नोकरच नाही त्याचे काय? उल्हासनगरातील कित्येक दुकाने बापलेकांनीच चालविली. असाच वाद पंजाबातील मनोहरलाल नावाच्या दुकानदाराने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता: दुकानात मी व माझे कुटुंबीय, मग सुटीच्या दिवशी दुकान बंद ठेवण्याची सक्ती मजवर का? 1960 साली न्यायालयाने ती सक्ती उचलून धरली. हा निर्णय प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो जाचक वाटला होता. आता तितका वाटत नाही. एकाने आपखुशीने जागावयाचे ठरविले की शेजाऱ्यास नाइलाजाने जागावे लागते, हे कोणत्याही बाजारपेठेत दिसते. आणि बापाने आपखुशीने स्वीकारलेले जागरण मुलाच्याही खुशीचे असते असे थोडेच आहे!

2017 साली महाराष्ट्राने हा जुना कायदा मोडीत काढून नवा आणिला, आणि सारी मांडणीच उलटली. पूर्वी बंद हा नियम व उघडे हा अपवाद. आता उघडे हा नियम, आणि मद्यगृहांसारख्या काही स्थळांस शासन अधिसूचनेने वेळ घालून देते. दुकान तिन्ही त्रिकाळ चालो, प्रत्येक कामगारास आठवड्यास सलग चोवीस तासांची विश्रांती मिळाली म्हणजे झाले. तत्त्व म्हणून यात आम्हांस सुधारणाच दिसते: दाराऐवजी अखेर माणसाचे तास मोजले जाऊ लागले. 2020 च्या जानेवारीत मुंबईत रात्रजीवनाचा मोठा गाजावाजा झाला, तो मुख्यतः मॉल व गिरण्यांच्या आवारांपुरता. तेथे पाळ्या लावणे मालकास परवडते. परंतु या कायद्याने एक रेषा आखिली. विश्रांतीची व तासांची कलमे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस. त्याहून लहानांनी केवळ आपली माहिती कळवावी. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ती रेषा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे लहान खाणावळीतल्या पोऱ्यास 1948 च्या कायद्याचे दारही उरले नाही, आणि 2017 च्या कायद्याचे तासही मिळाले नाहीत. ही सूट कोणी मागितली, कोणी दिली, याची राजपत्रात वेगळी नोंदसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानाहून परतताना आम्ही त्याच कर्जत गाडीने बदलापुरास उतरलो. स्थानकाबाहेर एका खाणावळीचा दिवा जळत होता. मनातल्या मनात आम्ही मालकास दुवा दिला, हे कबूल करावयास हवे. चहा आला, तो आणणारा मुलगा सतरा-अठराचा असावा. कप ठेवून तो खांबाला टेकला आणि उभ्याउभ्या त्याचे डोळे मिटले. इतक्यात शिपायाने काठीने पत्रा वाजविला. मालकाने न बोलता काचेवर चिकटविलेल्या कागदाकडे बोट दाखविले: 1 ऑक्टोबर 2025 चा शासन निर्णय, मद्यविक्रीची स्थळे वगळून इतर आस्थापना चोवीस तास चालू ठेवता येतील असा. शिपाई पुढे गेला. आम्ही चष्मा सावरून तो कागद वाचू लागलो, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या ओळीवर बोट ठेवून मालकाकडे पाहिले.

"ते मोठ्या हॉटेलांना, सर," तो अगदी सौजन्याने म्हणाला. "आपल्याकडं सहाच माणसं."

मुलगा जागा झाला होता. पहाटेच्या पहिल्या गाडीची गिऱ्हाइके येण्यास अद्याप अवकाश होता. त्याने आमचा कप उचलला, विसळला, आणि पातेले पुन्हा शेगडीवर चढविले.