मोळी लक्षात राहिली

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आईच्या आजाराचं एक माहितीपत्रक माझ्या हातात ठेवलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : स्मृतिभ्रंश. मी त्या शब्दाकडे बघतच राहिले. आजार मला नवा होता, शब्द जुना होता. आमच्या चिपळूणच्या घरी रोज सकाळी वडिलांची, म्हणजे अण्णांची, आंघोळ झाली, की ओटीवर आधी गीता आणि मग ज्ञानेश्वरी व्हायची. दुसऱ्या अध्यायातली ती उतरंड त्यांनी आम्हा भावंडांना बोटांवर मोजायला शिकवली होती. विषयांचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, काम अडला की क्रोध, मग संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश, आणि शेवटी माणसाचाच नाश. आठ बोटं. स्मृतिभ्रंशाला दुसरा हात सुरू व्हायचा.

आता तोच शब्द माझ्या आईच्या नावापुढे आला होता. आठवण गेली की माणूस जातो का? अण्णा असते तर त्यांनी समजावलं असतं, की बाय, तिथली स्मृती म्हणजे शिकवणुकीची आठवण, विवेकाची आठवण. दुधाचा हिशेब किंवा लेकीचं नाव नव्हे. ते मला कळतं. पण रात्री अडीच वाजता आई मला 'आक्का' म्हणून हाक मारते आणि माझ्याकडेच माझी चौकशी करते, तेव्हा एवढं कळून भागत नाही.

आई नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्याबद्दल ती आमच्याशी फारसं कधी बोलली नाही. तिने कादंबऱ्या वाचल्या. वाचनालयातून एक बदलून दुसरी आणायची, दुपारची भांडी झाली की माजघरात खिडकीशी बसायची, आणि कुणी गेल्याचा प्रसंग आला की पदर डोळ्यांना लावून तसंच पुढे वाचायची. अण्णांना ते पटत नसे. ते रागावत नसत, पण म्हणत, "खोट्या माणसांसाठी खरे डोळे कशाला गाळायचे? हा मोहच." आईने एकदाच उत्तर दिलं, तेही ताक घुसळता घुसळता : "तुमची गीतासुद्धा रडण्यानेच सुरू होते की." अण्णा गप्प बसले. खरंच आहे ते. पहिल्या अध्यायाचं नावच विषादयोग आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडाशी अर्जुनाचे डोळे भरलेले आहेत. रडणाऱ्या माणसाला कृष्णाने हाकलून दिलं नाही. त्याच्याशी तो अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिला.

तिच्या सगळ्या पुस्तकांत घरचं, मालकीचं असं एकच होतं, 'श्यामची आई'. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा ते खालच्या फडताळात होतं. पाणी ओसरल्यावर लाल गाळातून काढलं, तर फुगून दुप्पट झालेलं. पानापानांत वर्तमानपत्राचे कपटे घालून मी ते आठ दिवस पंख्याखाली वाळवलं. कडांना गाळाची तपकिरी रेघ राहिली ती राहिलीच, आणि शेवटची दहा-बारा पानं एकमेकांना अशी चिकटली, की सोडवायला जावं तर अक्षरंच निघून येतात. आईने तेव्हा ते हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, "नदीचा वास येतोय." आजाराची सुरुवात तेव्हा झाली होती की नव्हती, कोण जाणे.

तेच पुस्तक आता मी तिला रोज संध्याकाळी वाचून दाखवते. ते 42 रात्रींत सांगितलेलं असल्यामुळे सोय होते, एका दिवशी एक रात्र. श्याम आश्रमातल्या मित्रांना प्रार्थना झाल्यावर आपल्या गेलेल्या आईची गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट सांगता सांगता आपण कोण आहोत हे त्याला उमगत जातं. साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक पाच दिवसांत लिहिलं. त्यांची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं धरून ठेवलेलं पाच दिवसांत बाहेर आलं. पुस्तक निघालं 1935 साली. तेव्हापासून त्यावर रडूबाईपणाचा आरोप होत आला आहे. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि हा आरोप मला कधीच मान्य झाला नाही. रडणं एवढंच त्यात असतं, तर ते एका पिढीत वाळून गेलं असतं.

त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते. तिला ती उचलवत नाही आणि हात लावायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढे हेही सांगते, की घरी येऊन आंघोळ कर. दोन्ही गोष्टी एकाच आईच्या तोंडच्या. गुरुजींनी लिहिताना आंघोळ लपवली नाही. पण 1947 च्या मे महिन्यात हाच मुलगा, म्हणजे स्वतः गुरुजी, पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून, आणि मंदिर उघडलं. म्हणजे आईने दिलेल्या दोन गोष्टींपैकी मोळी त्याने जन्मभर जवळ ठेवली आणि आंघोळ वाटेत कुठेतरी सोडून दिली.

हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मी अण्णांची गीता काढली. पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, की सगळ्यांच्या हृदयात मी बसलेला आहे; स्मृती माझ्यापासून, ज्ञान माझ्यापासून, आणि अपोहनही माझ्यापासूनच. अपोहन म्हणजे ते दूर होणं, जाणं. कितीतरी वर्षं मी त्या तिसऱ्या शब्दावरून नुसती पुढे जात होते. आठवण देणारा देव समजायला सोपा आहे. आठवण नेणारासुद्धा तोच, हे पचायला मला आईचं आजारपण लागलं.

आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीला अर्जुन काय सांगतो? मोह गेला आणि स्मृती परत आली. मी आता अण्णांशी इथेच भांडले असते. त्यांनी मोह आणि आठवण एकाच पिशवीत टाकली होती. अर्जुनाच्या वाक्यात ती दोन टोकांना आहेत, एक गेल्याशिवाय दुसरी येत नाही. गेलेलं माणूस मला परत हवं, माझ्यापाशी हवं, हा मोह. खांडेकरांच्या 'ययाति'त तो उघडा दिसतो, मुलाचं तारुण्य मागून घेण्याइतका. आणि मन हळवं करणारी कितीतरी पुस्तकं वाचकाला नेमकी तिथेच बसवून ठेवतात. ती मला आवडत नाहीत, आईला आवडत असली तरी. पण विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये, 1939 सालच्या त्या एवढ्याशा कादंबरीत, बोटीवरची हॅर्टा निघून जाते तेव्हा चक्रधराजवळ तिला परत मागण्याची जागाच उरत नाही. जर्मनीतून हाकललेल्या त्या ज्यू मुलीने त्याच्यातला कडवटपणा काढून घेतलेला असतो, आणि ते त्याला ती हाताबाहेर गेल्यावर पुरतं समजतं. ते पुस्तक मिटल्यावर मी रडले ते हॅर्टासाठी. माझं काहीच गेलं नव्हतं. अण्णा ज्याला खोट्या माणसांसाठी रडणं म्हणत, त्यात स्वतःसाठी मागणं नसतं, आणि म्हणूनच ते मला आता मोहाच्या विरुद्ध बाजूचं वाटतं.

'श्यामची आई'तल्या शेवटच्या रात्रीचं नाव 'आईचे स्मृतिश्राद्ध' असं आहे. अण्णांचं श्राद्ध भाऊ करतो. भटजी तीन पिढ्यांची नावं घ्यायला लावतात : बाप, आजोबा, पणजोबा. त्याच्या मागचा खापरपणजोबा पिंडातून सुटतो. धर्मालाही ठाऊक आहे, की सगळं कुणालाच धरून ठेवता येत नाही, कुठेतरी नाव सोडावं लागतं. आई आता माझं नाव सोडते आहे, हे मी असं समजून घ्यायला बघते. रोज जमतं असं नाही. परवा तिने मला "तुम्ही कुणाकडच्या?" असं आदराने विचारलं, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पण मोळीच्या रात्रीची गोष्ट सांगते. वाचत होते, आणि म्हातारीची मोळी पडल्याशी आले, तशी पलंगावर आडवी असलेली आई उठून बसली. पाय खाली सोडले. "अगं, दे ना तिला हात," म्हणाली. मला म्हणाली, की श्यामला, की त्या वाटेवरच्या कुणाला, ते कळलं नाही. मी पुढे वाचलं. श्यामने मोळी दिली. तेव्हा कुठे ती टेकली. पाच मिनिटांनी डोळ्यांत पाणी होतं, म्हणून विचारलं, "आई, काय झालं गं?" तिला सांगता येईना. आंघोळीचं वाक्य मी वाचलं होतं, त्यावर ती काहीच बोलली नव्हती.

अण्णांच्या आठ बोटांच्या हिशेबाने ती केव्हाच सातव्या बोटावर असायला हवी. कुणाची मोळी पडली तर उठावं, हे जिला उठण्याआधी आठवावं लागत नाही, तिची बुद्धी नाश पावली असं मी तरी म्हणणार नाही.

शेवटची चिकटलेली पानं मी तोंडानेच सांगते. कधी क्रम चुकतो, कधी माझीच वाक्यं घुसतात. ती ऐकून घेते आणि विचारते, "मग पुढे?" पुढे काही नसतं. दुसऱ्या दिवशी तिला यातलं काही आठवत नाही, म्हणून आम्ही परत पहिल्या रात्रीपासून धरतो. हे तिसरं वाचन चालू आहे. आज रात्र सतरावी.