एलीयाची भाकर



एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्यास अविश्वासी म्हणून दोष दिला नाहीं. त्यास झोप लागूं दिली; मग दूताकडून भाकर व पाणी दिलें, तेंही दोन वेळां. बोलणें मागाहून, होरेब डोंगरावर झालें. हा क्रम उपदेशकांनीं ध्यानांत धरावा.

चिखली तालुक्यांतील उंद्रीसारख्या गांवीं याचें अगत्य फार. विदर्भांत ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या फार झाल्या, त्यांत बुलढाणा येतो. 2006 सालीं केंद्र सरकारनें 6 जिल्ह्यांस साहाय्य जाहीर केलें, त्यांतही तो होता. सोयाबीन बुडालें, कर्ज राहिलें, आणि एखादा बंधु जेवीनासा, बोलेनासा झाला, म्हणजे मंडळींत कोणी तरी म्हणतोच कीं, याचा विश्वास डळमळला. आमच्या मतें हें बोलणें क्रूरपणाचें आहे. ईयोबाचे मित्र 7 दिवस उगे बसले तोंवर ठीक होतें. तोंड उघडलें आणि बिघडलें.

लूक हा वैद्य होता, आणि याकोब प्रार्थनेबरोबर तेलही लावावयास सांगतो. मग मनाच्या आजारावर डॉक्टरची गोळी घेतल्यानें प्रार्थनेचा अपमान होतो, असें कां मानावें? समुपदेशक ऐकून घेतो, निवाडा करीत नाहीं, व ऐकलेलें गुप्त ठेवितो. (प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याचें गुपित सभेंत सांगणारे याचा विचार करतील काय?) परंतु पापक्षमा देणें समुपदेशकाच्या हातीं नाहीं. खऱ्या अपराधानें टोचलेल्या मनास क्षमेची सुवार्ताच पाहिजे. उलट, ज्यानें दहा वेळां पश्चात्ताप केला तरी ज्याचें मन त्यास खातच राहतें, त्यास अकराव्यांदा पश्चात्ताप करावयास लावूं नये. तेथें बहुधा आजार बोलत असतो, आणि त्यास औषध पाहिजे.

जीव द्यावासा वाटतो काय, हें अशा माणसास स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. तो होय म्हणाला तर त्यास एकटें सोडूं नये. फवारणीचें विष घरांतून हलवावें. आणि 14416 या क्रमांकावर फोन लावावा. ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून रात्रंदिवस विनामूल्य चालते, व मराठींतही बोलतां येतें. पोलिसांच्या भयानें गोष्ट दडवूं नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा मनुष्यास दंडाऐवजीं उपचार देणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. बुलढाण्यास दवाखान्यांत नेणें झाल्यास उपदेशकानें स्वतः सोबत जावें, आणि शिदोरी बरोबर घ्यावी.