यकृताची एकादशी



काळीज हा शब्द तोंडी आला की आपला हात छातीच्या डावीकडे जातो. वास्तविक जुन्या बोलीत काळीज म्हणजे यकृत, आणि ते असते उजवीकडे, बरगड्यांच्या आड. खाटकाला विचारले तर तो बरोबर दाखवील. पण आपण माळकरी त्या दुकानाची पायरी चढत नाही, म्हणून ही चूक आपल्यात टिकून राहिली असावी. असो. सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव. चरकाचार्यांनी रक्तवाही स्रोतसांचे मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा ही दोन सांगितली. आजचे वैद्यक त्याची कामे मोजू लागते तेव्हा बोटे पुरत नाहीत. पित्त तयार करणे, जखमेवरचे रक्त गोठविणारी द्रव्ये घडविणे, औषधांचा आणि विषांचा निचरा करणे, जेवणातली साखर साठवून ठेवून रात्री उपाशीपोटी ती थोडी थोडी शरीराला देणे, हे सारे त्याचेच. घरातल्या कर्त्या सुनेसारखे ते बिनबोभाट राबते. दुखत नाही, खुपत नाही. आणि नेमकी हीच पंचाईत आहे.

आमच्या दिंडीत एक मृदंगवादक आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. चाळीस वर्षे मी कीर्तनाला उभा आणि ते माझ्या उजव्या हाताला. गळ्यात माळ, दारू-मांसाला स्पर्श नाही. मागे एकदा त्यांचे पाय सुजले, पोट फुगले, भूक गेली. मुलाने तालुक्याला नेले. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले आणि डॉक्टरांनी सांगितले, यकृत आकसून घट्ट झाले आहे, याला सिरोसिस म्हणतात. मुलगा बाहेर आला तो मान खाली घालून. का, तर गावात एकच ठाऊक : लिव्हर जाते ती दारूने. पारावर कुजबुज सुरू झाली. "माळ घालतो आणि चोरून घेतो वाटतं." खोटे कशाला बोलू, सज्जनहो, क्षणभर माझ्याही मनात ते पाप आले. तात्यांनी ते माझ्या तोंडावर वाचले. म्हणाले, "बुवा, चाळीस वर्षं तुमच्या शेजारी उभा आहे. कधी वास आला का?"

मी काय उत्तर देणार! त्या रात्री कीर्तनात माझा सूर लागला नाही.

नंतर डॉक्टरांना गाठून मी सारे विचारून घेतले. ते म्हणाले, दारू हे एक कारण खरेच आणि मोठे कारण आहे. पण दारू न पिताही यकृतात चरबी साठते. पोटाचा घेर, गोडाधोडाचे जेवण, बैठे काम, मधुमेह ही त्याची वाट. याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांना ते तेवढ्यावरच राहते. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, व्रण पडतात आणि वर्षानुवर्षांनी सिरोसिस होतो. या रोगाच्या जुन्या नावातच 'दारूविना' असा शब्द होता. रोग्याची बदनामी टळावी आणि खरे कारण कळावे म्हणून २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलले आणि त्यात चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख घातला. हे ऐकून मला तात्यांची ती नजर आठवली. निर्व्यसनी माणसाच्या यकृतालाही रोग होतो, एवढे प्रत्येक माळकऱ्याने आपल्या गावच्या पारावर जाऊन सांगावे.

आता तात्या काय खात होते? तुम्ही-आम्ही खातो तेच. सप्ताह, काला, पारणे, पंगती. मृदंगवाद्याला आग्रह जास्त, "तात्या, आणखी एक पुरणपोळी!" वर चहा. आपण माळकरी चहाला व्यसन मानत नाही, पण हिशेब करून पाहा. दिवसाकाठी आठ कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर ८० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५च्या आत ठेवावी. ही जादा साखर यकृत फेकून देत नाही, तिची चरबी करून पोटातच ठेवते. बाटलीतली गोड सरबते आणि कोला तर त्याहून वाईट. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. गंमत अशी की ज्या कॉफीला आमच्या लहानपणी आजाऱ्याचे पेय म्हणत, ती पिणाऱ्यांत यकृताचे आजार कमी आढळतात असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मात्र ती बिनसाखरेची! म्हणून कोणी नव्याने कॉफी धरावी असे नव्हे. पित असाल तर साखर सोडा.

चांगली बातमी ही की चरबी चढलेले यकृत, वेळेवर लक्ष दिले तर, मागे फिरते. असे पलटून येणारे अवयव शरीरात थोडेच. ८० किलोच्या माणसाने चार किलो वजन उतरविले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सहा ते आठ किलो उतरविले तर सूज ओसरते, कित्येकांचे व्रणही भरू लागतात. त्याला महागडे औषध लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, वरण, ताक. तेल हात राखून. रात्रीचे जेवण हलके. आणि चालणे. आळंदीहून पंढरपुरास सुमारे २५० किलोमीटर आपण पायी जातो, आणि परत आल्यावर वर्षभर देवळापर्यंतही गाडीवर बसून जातो! रोज अर्धा तास झपझप चालावे. वारी आषाढात आहे, यकृत बारमाही आहे.

इथे मला माझा एक अपराध कबूल करावयाचा आहे. तात्यांना निदान झाल्यावर मी एका यात्रेत मिळालेली लिव्हरची पुडी त्यांना आणून दिली. कोणी बनवली, आत काय, काही लिहिलेले नव्हते. मनात भाव एवढाच की झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही! डॉक्टरांनी ती पुडी हातात घेतली आणि मला विचारले, "बुवा, शास्त्री ना तुम्ही? वत्सनाभ झाडपाल्याचाच ना?" मी गप्प. ज्याचे यकृत आधीच थकले आहे त्याला अज्ञात चूर्ण देणे म्हणजे लंगड्या बैलावर ओझे लादणे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी तो घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद झाला; पण महिनोन्महिने कोणताही काढा मनाने पिऊ नये, हे कोणत्याही वैद्याला मान्य होईल. भुईआवळीचेही तसेच. १९८८ साली मद्रासहून तिच्याविषयी मोठी आशा वाटावी असा प्रयोग प्रसिद्ध झाला, पुढच्या प्रयोगांत तसे फळ आले नाही. मी आयुर्वेदाचा द्वेष्टा नव्हे, माझे आजोबा वैद्य होते. पण ते नाडी पाहून, माणूस ओळखून, मोजून औषध देत. यात्रेतली पुडी माणूस ओळखत नाही.

कावीळ उतरविणाऱ्यांविषयीही दोन शब्द. कोणी गळ्यात काड्यांची माळ बांधतो, ती दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरली म्हणतात. काड्या वाळून गाठी सैल होतात, म्हणून माळ वाढते. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुतो, कोणी दंडावर डाग देतो, कोणी देवडांगरीचा रस नाकात पिळतो. बरे वाटते ते का? पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप जाते. श्रेय माळेला मिळते. पण कावीळ हे लक्षण आहे, रोग एक नाही. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, गाठ असेल, तर माळेची लांबी पाहण्यात लाखमोलाचे दिवस जातात. हळद बंद करणे हीही समजूतच. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की रक्त तपासा. रोगी गुंगला, बडबडू लागला किंवा काळी शौच झाली तर तात्काळ दवाखाना.

वारीच्या वाटेवर पाण्याची काळजी घ्यावी, हे तर वेगळे सांगायला नको. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून काविळीची फार मोठी साथ आली होती, सुमारे २९,००० माणसे पिवळी पडली. त्या जातीची कावीळ गर्भवतीला प्राणावर बेतते. चंद्रभागेचे पाणी डोळ्यांना लावावे, मस्तकी धरावे. पोटात घेण्याचे पाणी उकळलेले असावे. आणि मुक्कामावर दाढी कराल तर न्हाव्याकडून नवे पाते मागून घ्या. 'ब' आणि 'क' जातीची कावीळ रक्तातून येते, एकाचे पाते दुसऱ्याला, गोंदणाची सुई तिसऱ्याला. 'ब'ला लस आहे. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

आता एकादशी. जे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते इथे आहे.

"एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्यावरच कोणी तरी रचली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, दाण्याचे कूट, बटाटा; वर तळलेले वडे, बर्फी आणि गोड चहा. हा उपवास नव्हे, यकृताची दिवाळी! ज्याचे पोट सुटले आहे, यकृतात चरबी आहे आणि दुसरा रोग नाही, त्याने खरी एकादशी करावी. ताक, एखादे फळ, थोडी भगर किंवा राजगिरा, आणि पोट मोकळे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळ राहण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरून माणूस कोसळतो.

पण सिरोसिस झालेल्याचे गणित उलटे आहे, आणि हे मला तात्यांमुळे कळले. आकसलेल्या यकृताला साखरेचा साठा करता येत नाही. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर जे होते, ते या रोग्याचे एका रात्रीच्या उपासात होते. शरीर स्वतःचे मांस खाऊ लागते. दंड-मांड्या सुकतात, नुसते पोट पुढे. म्हणून डॉक्टर सांगतात : सकाळी लवकर खा, दर तीन-चार तासांनी खा, आणि झोपण्यापूर्वी हमखास काही तरी खा. पूर्वी अशा रोग्याचे डाळ-दूध तोडीत, आता तसे करीत नाहीत. वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने रोज लागतात. पोटात पाणी असेल तर मीठ मात्र तोडावे लागते. उपवासाचे सैंधव चालेल का, असे तात्यांच्या मंडळींनी मला विचारले. वहिनी, सैंधव हेही मीठच.

तात्या ऐकायला तयार होईनात. "पन्नास वर्षांची एकादशी मोडून जगायचं कशाला?" मुलगा रडकुंडीला आला. तेव्हा लहानपणी गुरुजींनी पाठ करून घेतलेले एक वचन मला आठवले. व्रतनिर्णयाच्या ग्रंथांत आठ गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांनी व्रत मोडत नाही : पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. शास्त्रकर्त्यांना रोगी माणूस माहीत होता, बरं का! मी कागद घेऊन हिशेब मांडला. डॉक्टरांनी रात्री सुमारे ५० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जावी असे सांगितले होते. पावकिलोला थोडे कमी असे उकडलेले रताळे, त्यात चाळीस ग्रॅम. पेलाभर दूध, त्यात दहा. कंदमूळ आणि दूध! दुपारी दही, राजगिरा, मूठभर दाणे. डॉक्टरांना कागद दाखविला, ते हसले आणि त्यांनी त्यावर सही केली. हा हिशेब तात्यांचा आहे. ज्याला मधुमेह आहे त्याने आपला वेगळा करून घ्यावा.

गेल्या आषाढीला तात्या गाडीने पंढरपुरास आले. मृदंग मुलाच्या गळ्यात होता. रात्री जागर सुरू झाला. दहाच्या सुमारास वहिनींनी वाटी पुढे केली, रताळ्याच्या फोडी आणि दूध. तात्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बुवा, हे गुरूचं वचन का?"

"मी तुमचा गुरू नव्हे, तात्या. यादीतली आठवी गोष्ट समजा."

ते हसले, वाटी तोंडाला लावली, आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला.