हाक न मारणारं काम

ऑक्टोबर 2019. पाऊस दिंडोरीतून हलायला तयार नव्हता. दिवाळी चार दिवसांवर आलेली, आणि कादवेकाठच्या त्या चार एकर द्राक्षबागेची गोडी छाटणी होऊन पंचविसावा दिवस. घड बाहेर पडलेले, फुलोरा तोंडावर. वडिलांनी त्याच वर्षी बाग थोरल्याच्या हाती सोपवली होती.

त्याचा मोबाईल सकाळी सहापासून वाजत होता. खताच्या दुकानदाराला बाकी हवी होती. पीकविम्याच्या कागदांसाठी बँकेत जायचं होतं. मंडपाची तार तुटलेली, ठिबकचा फिल्टर तुंबलेला, कांद्याच्या रोपात पाणी साचलेलं. त्यात बहिणीला स्टँडवरून आणायचं. सगळं त्यानं मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं. (यादी केली की निम्मं काम उरकल्यासारखं वाटतं, हा भ्रम भल्याभल्यांना होतो.) जो फोन वाजेल, त्याचं काम तो हाती घेई. तार अर्धी ओढली तेवढ्यात दुकानदाराचा फोन. त्याच्यासाठी पैसे शोधायला घरात गेला, तर बँकेचा. नऊ वाजेपर्यंत तो घामाघूम झाला होता आणि एकही काम तडीस गेलं नव्हतं.

पेठहून आलेल्या टोळीची मुकादम मावशी बांधावर उभी होती. तिला दिवाळीसाठी उचल हवी होती.

"मावशी, आता तुम्ही तरी थांबा!" तो कावला.

"मी थांबते की, भाऊ. संध्याकाळी द्या." तिनं जवळच्या वेलीचं पान उलटं केलं. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. डाउनी. "आम्ही समदे वरडून मागतो. हे काय मागंल?"

थोरल्यानं मोबाईल तिथेच खोक्यावर ठेवला. चिखलात ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून पाठीवरचा डस्टर घेतला. पानं ओलीच होती, धुरळणी चिकटणार होती. टोळीतल्या दोघांना बरोबर घेऊन त्यानं ओळीमागून ओळ उरकली. दीडच्या सुमाराला पाऊस पुन्हा कोसळला, तेव्हा ओढ्याकडच्या सात-आठ ओळी राहिल्या होत्या. त्या पुढे गेल्याच. बाकीच्या बागेत घड टिकले.

बँक बंद झाली होती. काम उद्यावर गेलं. दुकानदारानं दोनदा फोन करून शेवटी निरोप ठेवला होता, दिवाळीनंतर दिले तरी चालतील. मावशीची उचल त्यानं दिवेलागणीला मोजून दिली.

बहीण जीपनं आपली आपण घरी पोचली होती. "फोन का उचलत नव्हतास?"

"बागेत होतो. डाउनी आलाय."

"मग सकाळीच तसं सांगायचं ना! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. "जीपवाल्यानं वीस रुपये जास्त घेतलेत. ते मात्र ओवाळणीत धरायचे नाहीत, वेगळे द्यायचे."