आजारी तरुणाचें स्मरण कसें करावें?

खेडेगांवच्या मंडळींत एखादा तरुण पुष्कळ दिवसांच्या दुखण्यानंतर प्रभूमध्यें झोंपीं गेला, म्हणजे त्याच्या स्मरणार्थ भरलेल्या उपासनेंत आणि नंतर ओट्यावर चाललेल्या बोलण्यांत बहुधा दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, देवानें दुखण्याच्या भट्टींत त्याला सोन्यासारखा शुद्ध केला. दुसरें, हळू आवाजांत बोललेलें, असें कीं, त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या विश्वासांत कांहीं उणें असलें पाहिजे. नाहीं तर इतक्या प्रार्थना होऊनहि तो उठला कां नाहीं? पहिल्यांत दुखण्याची स्तुति आहे, दुसऱ्यांत दुखणाइताची निंदा आहे. तो तरुण मात्र दोहोंतहि कोठें दिसत नाहीं.

हा प्रश्न केवळ शोकसभेपुरता असता तर आम्हीं येथें काढला नसता. परंतु गेलेल्याविषयीं आपण जसें बोलतों, तसेंच आज खाटेवर असलेल्याशीं वागतों. आणि तो आंतल्या खोलींतून आपलें बोलणें ऐकत असतो.

एक जुनी हकीकत घेऊं. १८११ सालच्या फेब्रुवारीच्या १८ व्या तारखेस कलकत्त्याहून निघालेलें एक जहाज मुंबईस लागलें. त्यांत मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं आपला खानदेश ज्यांच्या देखरेखीखालीं इंग्रजी अमलांत आला, तेच हे. त्यांच्याबरोबर हेन्री मार्टिन नांवाचा कंपनी सरकारचा एक पाद्री होता. त्याच दिवशीं त्याला तीस वर्षें पुरीं झालीं. इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतांत ट्रूरो येथें जन्मलेला हा तरुण १८०१ सालीं केंब्रिज येथें गणितांत पहिला आला होता. पुढें काय वाटेल तें मिळविण्यासारखी त्याची बुद्धि होती. ती सोडून १८०६ सालीं तो हिंदुस्थानांत आला, आणि दिनापूर व कानपूर येथें राहून त्यानें नव्या कराराचें हिंदुस्थानी भाषांतर पुरें केलें. जिच्याशीं लग्न व्हावें अशी त्याची इच्छा होती, ती बाई इकडे आली नाहीं. आणि ह्या साऱ्या काळांत त्याची छाती आंतून पोखरत होती. उपदेश केल्यावर दुखणें वाढे, आवाज बसे. तो क्षय होता.

मुंबईस उतरलेल्या त्या दिवशीं त्यानें आपल्या रोजनिशींत आयुष्याचा हिशेब मांडला. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांमध्यें काम करणारा डेव्हिड ब्रेनर्ड हाहि क्षयानेंच, १७४७ सालीं, एकोणतिसाव्या वर्षीं वारला होता. त्याचें चरित्र वाचूनच मार्टिन ह्या मार्गास लागला. ब्रेनर्डच्या मानानें आपल्या हातून जवळजवळ कांहींच झालें नाहीं, असें त्यास वाटलें. आजारी माणसाचे हिशेब बहुधा असेच चुकतात. कानपुरास तो दर रविवारीं आपल्या अंगणांत जमणाऱ्या फकीर-भिकाऱ्यांपुढें बोलत असे. तेथें शेख सालिह नांवाच्या एका मुसलमान गृहस्थाच्या कानीं त्याचे शब्द पडले. त्याचा बाप्तिस्मा मुंबईच्या त्या जन्मदिवसानंतर कांहीं महिन्यांनीं कलकत्त्यास झाला, आणि अब्दुल मसीह ह्या नांवानें त्यानें पुढें आग्र्यास वर्षानुवर्षें सेवा केली. गोरगरिबांस तो औषधेंहि देत असे. मार्टिनच्या वहींत ही रक्कम जमा नव्हती.

मुंबईहून तो इराणांत शिराज येथें गेला. तेथें वर्षाच्या आंत नव्या कराराचें फारशी भाषांतर झालें. मग ताब्रीझ येथें तापानें तो मरणाच्या दारीं पोंचला, कांहींसा सांवरला, आणि स्वदेशीं जाण्यासाठीं घोड्यावरून निघाला. वाटाड्या थांबूं देईना. अंगांत ताप असतां मजल दरमजल चाल चालली होती. तुर्कस्थानांतील तोकात येथें १६ ऑक्टोबर १८१२ रोजीं एकतिसाव्या वर्षीं तो वारला. ओळखीचें माणूस जवळ नव्हतें. आर्मेनी ख्रिस्ती लोकांनीं त्यास पुरलें.

आतां येथें प्रश्न उभा राहातो. मार्टिन स्वतःस देवासाठीं जाळून घेण्यास आला होता, असें त्याच्याविषयीं नेहमीं सांगण्यांत येतें, आणि त्याच्याच लिखाणास धरून तें आहे. आमच्या उपदेशकांस हें फार आवडतें. खोकत खोकत पायीं गांवें फिरणारा तरुण सेवक पाहिला कीं आपण म्हणतों, पहा, कसा आवेश! आम्हीहि असें म्हटलेलें आहे, आणि त्याची आम्हांस आज लाज वाटते. मार्टिनवर प्रकृतीची सरसकट हेळसांड केल्याचा आरोप करणें अन्यायाचें होईल. समुद्रप्रवासानें गुण येईल अशी आशा होती, हें त्याच्या मुंबईकडे येण्याचें एक कारणच होतें. शिवाय त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें. क्षयाचे जंतु रॉबर्ट कॉख यांस सांपडले ते १८८२ सालीं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ सालीं. ज्यास वांचण्याचा उपायच नाहीं, त्यानें उरलेले दिवस कामांत घालविले, तर त्यांत शहाणपणहि आहे. परंतु आज सरकारी दवाखान्यांत क्षयाचीं औषधें फुकट मिळतात आणि साधारणपणें सहा महिने न चुकतां घेतलीं तर बहुतेक माणसें बरीं होतात. असें असतां तीन आठवडे खोकणाऱ्या मुलास तपासणीस न पाठवितां त्याच्या आवेशाची तारीफ करणें ह्याला विश्वास म्हणतां येत नाहीं. पौलानें तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठीं उपाय करावयास लिहिलें; उपास वाढीव असें लिहिलें नाहीं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या मंडळ्यांस दुसरें एक दुखणें ठाऊक आहे, सिकलसेलचें. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि सांधे, पाठ, छाती ह्यांत असह्य कळा येतात. मूल आज हंसतें खेळतें असतें, उद्यां किंचाळत असतें. म्हणून शेजारी म्हणतात ढोंग, आणि घरची म्हातारी म्हणते करणी. हा आईबापांकडून येणारा विकार आहे. दोघांच्याहि रक्तांत त्याचें बीज असेल, तर प्रत्येक मुलाच्या बाबतींत चारांत एक इतका संभव असतो. आईबाप स्वतः मात्र बहुधा धडधाकट असतात. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनीं कळांचे झटके कमी होतात. २०२३ सालीं केंद्र सरकारनें ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून तिच्यांत रक्ततपासणी होते. आमचें तर स्पष्ट मत आहे कीं, वाङ्‌निश्चयापूर्वीं पाळकानें वधूवरांस ह्या तपासणीविषयीं विचारावें. कोणी रागावेल तर रागावो.

योहानाच्या शुभवर्तमानांत शिष्य जन्मांधाविषयीं विचारतात कीं, पाप कोणाचें, त्याचें कीं त्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो प्रश्नच स्वीकारला नाहीं. सिकलसेल झालेल्या मुलाच्या आईस हा प्रश्न कोणी विचारीत नसलें, तरी ती स्वतःस रोज रात्रीं विचारते. रक्तांतून कांहीं आलें हें खरें आहे. अपराध आला हें खरें नाहीं. ह्या दोहोंतील भेद तिला सांगणें हें स्मरणसभेंतील लांब भाषणापेक्षां अधिक गरजेचें काम आहे, आणि तें मूल जिवंत असतांनाच करावयाचें आहे.

एक आक्षेप आमचा आम्हांलाच सुचतो. मार्टिनचें स्मरण सोपें आहे, कारण त्यानें दोन भाषांतरें मागें ठेविलीं. ज्यानें कांहींच ठेविलें नाहीं, अठराव्या वर्षापर्यंत निम्मे दिवस खाटेवर काढून जो गेला, त्याचें काय आठवावें? ह्यावर आम्हांस फार मोठें उत्तर सुचत नाहीं. त्याला कोणतें गीत आवडे, तो कोणावर रागावे, कळ थांबल्यावर पहिली गोष्ट तो काय मागे, हें त्याच्या बहिणीस ठाऊक असतें. सभेंत तिला कोणी बोलूं देत नाहीं.

पवित्र शास्त्रांत असा एक मनुष्य आहे. त्रफिम इफिसाचा. पौलाच्या अंगावरचीं फडकीं नेऊन जेथें आजारी बरे होत, त्या गांवचा तो. त्रोवसांत खिडकींतून पडलेल्या युतुखास पौलानें उठविलें, त्या प्रवासांतहि तो बरोबर होता. आणि पौल आपल्या शेवटच्या पत्रांत तीमथ्यास कळवितो कीं, त्रफिम आजारी होता, म्हणून त्याला मिलेतांत ठेवून आलों. त्याचा विश्वास उणा होता असें तेथें लिहिलेलें नाहीं; दुखण्यानें तो पवित्र झाला असेंहि नाहीं. नांव, गांव, आणि तो आजारी आहे, इतकेंच. मग पुढच्याच ओळींत पौल तीमथ्यास विनवितो कीं, होईल तितकें करून हिंवाळ्यापूर्वीं ये.