सिंह, ससा आणि विहीर : सात्त्विक बुद्धीची कसोटी

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूतींचे वर्णन करिताना भगवंतांनी पशूंमधील सिंह ही आपली विभूती सांगितली आहे (१०।३०), आणि सातव्या अध्यायात, काम व आसक्ती यांचा स्पर्श न झालेले बलवानांचे बळ हे आपलेच स्वरूप म्हणून दाखविले आहे (७।११). ही दोन वचने एकत्र ठेवून विचार केला असता असे दिसते की, बळ हे मूळचे दूषित नाही. तेच बळ कामाच्या व क्रोधाच्या हाती गेले म्हणजे मात्र ते दुसऱ्यांस भयकारक आणि स्वतःस घातक होते. लहानशा सशाने बलाढ्य सिंहाचा पराभव कसा केला, ही कथा भारतात घरोघरी मुलांस सांगितली जाते. मूल ती ऐकून हसते व झोपी जाते. परंतु गृहस्थाने ती गीतेच्या प्रकाशात पाहिली, तर तिच्यात त्याच्या नित्य व्यवहारास उपयोगी असा फार मोठा बोध आहे.

ही कथा पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ नामक पहिल्या तंत्रात आलेली आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याचे तिन्ही पुत्र विद्याविमुख निघाले, तेव्हा विष्णुशर्मा नामक वृद्ध पंडिताने त्यांस सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचे पत्करिले व कथांच्या द्वारे ते शिकविले, असे त्या ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे. हितोपदेशातही हीच कथा असून तेथे सिंहाचे नाव दुर्दान्त आहे. पंचतंत्राच्या प्रचलित पाठात तो भासुरक या नावाने ओळखला जातो.

भासुरक बळाने उन्मत्त झाला होता. भूक असो वा नसो, तो दररोज अनेक पशूंचा संहार करीत असे. अखेर हरिण, वराह, रेडे, ससे इत्यादी सर्व पशू एकत्र जमून त्यास शरण गेले आणि म्हणाले, ‘महाराज, आपली तृप्ती एका पशूने होते. आपण येथेच स्वस्थ बसावे. आम्ही पाळीपाळीने प्रतिदिनी एक पशू आपल्या भोजनास पाठवीत जाऊ. अशाने आपलीही सोय होईल व आमचाही समूळ नाश होणार नाही.’ सिंहाने ते मान्य केले. त्या दिवसापासून वनातील इतर पशू निर्भयपणे हिंडू लागले; मात्र रोज मध्याह्नी कोणा एकाच्या घरी आकांत होत असे.

एके दिवशी सशाची पाळी आली. तो निघाला, पण अगदी सावकाश. वाटेत त्यास एक विहीर लागली. तिच्या काठावर जाऊन त्याने आत डोकावले, तो पाण्यात त्यास आपलेच प्रतिबिंब दिसले. ते पाहून त्याच्या मनात उपाय स्फुरला. तो मुद्दाम दिवस कलेपर्यंत थांबला व मग सिंहापुढे जाऊन नम्रपणे उभा राहिला. भुकेने व्याकूळ झालेला सिंह गर्जला, ‘एक तर तू इतका लहान, आणि त्यात इतका उशीर! आज तुला मारून उद्या साऱ्या वनाचा निःपात करितो.’ ससा म्हणाला, ‘स्वामी, यात माझा अपराध नाही आणि इतर पशूंचाही नाही. मी लहान म्हणून त्यांनी माझ्यासोबत आणखी चार ससे पाठविले होते. वाटेत दुसऱ्या एका सिंहाने आम्हांस अडविले. या वनाचा राजा मीच, भासुरक हा तर चोर आहे, असे तो म्हणाला. आणि चौघांस ओलीस ठेवून त्याने आपल्याला बोलावण्यास मला पाठविले.’

‘चोर’ हा शब्द ऐकताच सिंहाचा क्रोध अनावर झाला. ‘दाखव तो कोठे आहे,’ असे म्हणून तो उठला. ससा म्हणाला, ‘स्वामी, तो दुर्गाचा आश्रय करून राहिला आहे; दुर्गातील शत्रू जिंकण्यास कठीण असतो.’ अशा वेळी विचारी राजा थांबला असता; परंतु सिंह अधिकच चेतला. विहिरीपाशी येऊन त्याने आत पाहिले, तो खाली एक सिंह! त्याने गर्जना केली. विहिरीतून तिचा प्रतिध्वनी दुप्पट मोठा होऊन वर आला. मग मागचापुढचा विचार न करिता त्याने आत उडी घेतली आणि तो प्राणास मुकला. ससा परत गेला, त्याने सर्व पशूंस आनंदित केले, आणि तो त्याच वनात पूर्ववत् सुखाने राहू लागला.

या कथेत एक सूक्ष्म गोष्ट आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. विहिरीत दोघांनीही डोकावले होते. सशाने पाहिले, तेव्हा त्यास कळले की, हा मीच आहे; सिंहाने पाहिले, तेव्हा त्यास वाटले की, हा माझा वैरी आहे. पाणी एकच, विहीरही एकच. भेद पाहणाऱ्याच्या अंतःकरणात होता. ससा मृत्यूच्या वाटेवर असूनही त्याचे चित्त स्थिर होते, आणि सिंह सर्वसमर्थ असूनही त्याचे चित्त क्रोधाने ढवळलेले होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्य स्वतःच स्वतःचा बंधू व स्वतःच स्वतःचा शत्रू कसा होतो, हे सांगितले आहे (६।५-६). त्या सिद्धांताचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच सापडेल. तिसऱ्या अध्यायात कामाने ज्ञान कसे झाकले जाते हे सांगताना धुळीने मळलेल्या आरशाचा दृष्टांत दिला आहे (३।३८). सशाच्या दृष्टीवर ती धूळ नव्हती. सिंहाच्या दृष्टीवर तिचा थर बसला होता.

दुसऱ्या अध्यायात अधःपाताची जी पायरी-पायरीने उतरत जाणारी परंपरा वर्णिली आहे (२।६२-६३), ती सिंहाच्या ठिकाणी एका प्रहरात पूर्ण झाली. दिवसभर त्याचे चित्त भक्ष्यावर खिळले होते. त्या चिंतनातून आसक्ती वाढली, इच्छा तीव्र झाली. इच्छेस विलंबाचा अडथळा येताच क्रोध उत्पन्न झाला. क्रोधातून मोह झाला. मोहाने स्मृती गेली. पाण्यात पाहणाऱ्याचीच छाया पडते, हे नित्याच्या अनुभवातले ज्ञान त्यास त्या क्षणी आठवले नाही. स्मृती गेल्यावर बुद्धी गेली, आणि बुद्धी गेल्यावर नाशास किती वेळ लागणार? सशाने त्यास ढकलले नाही. त्याने केवळ वाट दाखविली. उडी सिंहाची स्वतःची होती.

सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या काळी पंचतंत्राचे पहलवी भाषेत रूपांतर झाले व आठव्या शतकात त्यावरून अरबी ग्रंथ तयार झाला. पुढे तेराव्या शतकात मौलाना रूमी यांनीही आपल्या मसनवीत हीच कथा घेऊन, मनुष्यास दुसऱ्यांत जे दोष दिसतात ते पुष्कळदा त्याच्याच स्वभावाचे प्रतिबिंब असते, असा तिचा अर्थ लाविला. दूरदेशीच्या विचारवंतासही ती विहीर अंतःकरणाचीच वाटली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता पशूंनी केलेल्या कराराचा विचार करावा. रोज एक पशू दिला म्हणजे सिंह संतुष्ट राहील व बाकीचे सुरक्षित राहतील, असे त्यांस वाटले. दुर्बळांपुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. परंतु मनुष्य आपल्या कामनेशी असाच करार करितो, आणि तो मात्र कोणी लादलेला नसतो. ‘एवढा एक भोग दिला म्हणजे मन शांत होईल, एवढे एक असत्य बोललो म्हणजे पुढे बोलावे लागणार नाही, एवढे एक कर्ज काढले म्हणजे हौस पुरेल,’ असे तो म्हणतो. भगवंतांनी कामास महाशन, म्हणजे फार खाणारा, म्हटले आहे (३।३७). जो महाशन आहे तो ठरलेल्या वाट्यावर थांबत नाही. महाभारताच्या आदिपर्वातील ययाती राजाने पुत्र पूरूचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग भोगिले, आणि शेवटी भोगाने वासना शमत नाही हेच त्यास कबूल करावे लागले. यास्तव अंतरीच्या सिंहास रोजचा वाटा पोचविणे हा उपाय नव्हे. त्यास विहिरीपर्यंत नेऊन त्याचे खरे स्वरूप पाहणे, हाच उपाय आहे.

येथे एक शंका उपस्थित होते. ससा असत्य बोलला. मग त्याचे कौतुक कसे करावे? या प्रश्नास बगल देणे योग्य नाही, कारण याच वाटेने मनुष्य आपल्या सर्व लबाडीस ‘चातुर्य’ हे गोड नाव देतो. महाभारताच्या कर्णपर्वात भगवान श्रीकृष्णांनी अर्जुनास कौशिक नामक तपस्व्याचे आख्यान सांगितले आहे. दरोडेखोरांच्या भयाने काही लोक वनात लपले होते. सत्यव्रताचा अभिमान बाळगणाऱ्या कौशिकाने ते कोठे गेले हे त्या दरोडेखोरांस सांगून टाकले. ते निरपराध लोक मारले गेले आणि कौशिकास अधोगती प्राप्त झाली. तात्पर्य, ज्या शब्दाने घातक्याच्या हाती निरपराध्याचा प्राण जातो, तो शब्द दिसण्यात सत्य असला तरी धर्म होत नाही. सशाचे वचन या कोटीतील आहे. परंतु ही सवड प्राणसंकटापुरती आहे. दुकानातील मापात, दस्तऐवजातील आकड्यात किंवा भावाभावांच्या वाटणीत तिचा आधार घेणाराने सशाची गोष्ट ऐकली खरी, पण ती त्यास समजली नाही.

याचे प्रमाण प्रत्यक्ष पंचतंत्रातच आहे. ही कथा ग्रंथात कोण सांगतो? दमनक नावाचा कोल्हा आपला सोबती करटक यास ती सांगतो. पिंगलक सिंह व संजीवक बैल यांची निर्व्याज मैत्री जुळल्यामुळे दरबारातील आपले महत्त्व कमी झाले, म्हणून ती मैत्री मोडण्याचा दमनकाचा विचार असतो. आणि जे पराक्रमाने साधत नाही ते युक्तीने साधते, हे पटविण्यासाठी तो सशाचा दाखला देतो. पुढे त्याने दोघांचे कान भरले, सिंहाने आपल्या निरपराध मित्रास ठार मारिले आणि नंतर शोक केला. दमनक मात्र मंत्रिपदी बसला. कथा तीच, युक्तीही तशीच. परंतु सशाच्या बुद्धीने सारे वन वाचले आणि दमनकाच्या बुद्धीने एका मित्राचा घात झाला.

अठराव्या अध्यायात बुद्धीचे जे तीन भेद सांगितले आहेत (१८।३०-३२), ते येथे उपयोगी पडतात. काय करावे व काय टाळावे, भय कोठे व अभय कोठे, बंध कशाने व मोक्ष कशाने, हे जी यथार्थ जाणते ती सात्त्विक. धर्माधर्माचा निर्णय जिला नीट होत नाही ती राजस. आणि अंधाराने वेढलेली, अधर्मासच धर्म मानणारी ती तामस. दमनकाची बुद्धी तीक्ष्ण होती, यात संशय नाही. पण तीक्ष्णता म्हणजे सात्त्विकता नव्हे. सुरी धारदार आहे एवढ्यावरून ती वैद्याच्या हाती आहे की घातक्याच्या, हे ठरत नाही.

म्हणून युक्ती योजण्यापूर्वी गृहस्थाने तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. ही युक्ती कोणाच्या रक्षणासाठी आहे? तिच्यावाचून दुसरा सरळ मार्ग खरोखरच उरलेला नाही काय? आणि कार्य झाल्यावर तिचे फळ कोणाच्या पदरात पडणार आहे? ससा सर्वांच्या रक्षणासाठी गेला. त्यास दुसरा मार्ग नव्हता. आणि सिंह मेल्यावर तो वनाचा राजा होऊन बसला नाही. दमनकास मंत्रिपद हवे होते, सशास काहीच नको होते. फळाची ही निरपेक्षता हेच त्याच्या बुद्धीच्या शुद्धतेचे मुख्य लक्षण होय.

अखेरीस सर्वांत जवळची गोष्ट पाहावी. ही कथा ऐकताना प्रत्येकजण स्वतःस ससा समजतो. स्वतःस सिंहाच्या जागी ठेवून कोणी पाहत नाही. परंतु पुष्कळ घरांत कर्ता पुरुष सायंकाळी परत येतो तेव्हा मुलांचे हसणे थांबते, पत्नी त्याच्या मुद्रेकडे पाहून बोलते, वृद्ध माता आपले औषध संपल्याचे सांगणे उद्यावर ढकलते. त्या घराने त्याच्या क्रोधाशी करारच केलेला असतो : आज कोणाची पाळी, हे मनोमन ठरलेले असते. त्यास वाटते की घरात शांतता आहे. वास्तविक ती भासुरकाच्या वनातील शांतता असते. आणि घरच्यांनी भीतीने काही लपविले वा सावरून सांगितले, तर तो त्यांसच खोटे म्हणतो. त्यांस ससा होण्यास आपणच भाग पाडले, हे त्याच्या लक्षात येत नाही. संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या गीताटीकेत काम-क्रोधांस विषयांच्या दऱ्यांत राहणारे वाघ म्हटले आहे. ते वाघ बाहेरच्या अरण्यात शोधण्याचे कारण नाही.

अशा गृहस्थाने क्रोध आला असता विहिरीच्या काठी सशाप्रमाणे क्षणभर थांबावे. समोरच्याच्या मुद्रेत जे दिसते आहे ते आपलेच प्रतिबिंब तर नव्हे, हे पाहावे. जो प्रत्युत्तराचा आवाज कठोर वाटतो आहे तो आपल्याच गर्जनेचा प्रतिध्वनी तर नव्हे, हे ऐकावे. एवढे थांबणे साधले म्हणजे उडी टळते. मग दुसऱ्या दिवशी मातेस औषधाविषयी आपण होऊन विचारावे. घरातील करार मोडण्याचा तोच आरंभ होय. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी भगवंतांनी बुद्धीच्याही पलीकडे असलेल्या आत्म्यास जाणून, मनास स्थिर करून, कामरूपी दुर्जय शत्रूस मारण्याची आज्ञा केली आहे (३।४३). तो शत्रू मेला म्हणजे मनुष्याचे बळ नष्ट होत नाही. ते निर्मळ होते, आणि भगवंतांनी जी आपली विभूती म्हणून सांगितली ती सिंहाची खरी थोरवी त्याच्या ठिकाणी प्रकट होते. प्रेमाने भजणारांस भगवान स्वतः बुद्धियोग देतात, असे त्यांचे आश्वासन आहे (१०।१०). ती बुद्धी त्यांच्यापाशीच मागावी, आणि मिळाल्यावर ती सर्वांच्या अभयासाठी वेचावी.