रान राखणे : वेठ की सम्यक आजीविका?



जंगल वाचले पाहिजे, हे आज सर्वच म्हणतात. पण ते राखायचे कोणी, आणि कोणत्या मोबदल्यावर? हा प्रश्न नीतीचा आहे, म्हणून तो आपलाही आहे.

आपल्या भिवंडीला लागूनच तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. ते २००३ साली जाहीर झाले. पलीकडे शहापूर-वाड्याकडे तानसाचे अभयारण्य. या भागातील वारली, कातकरी, ठाकूर तरुणांना रानातले झाड न् झाड ठाऊक असते. तरी रोपांसाठी खड्डे खणणे, जाळरेषा काढणे, वणवा विझवणे अशी हंगामी रोजंदारीच बहुधा त्यांच्या वाट्याला येते.

आपल्यातील काही सुशिक्षित म्हणतात, "काम मिळाले, हेच पुष्कळ." हा विचार तपासून घेतला पाहिजे. आपल्या आजा-पणजांनाही गावात काम होतेच. शिवेची राखण तेच करीत, सरकारी निरोप तेच पोचवीत. बदल्यात बलुते आणि तुटपुंजी वतनी जमीन. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. राखणदारीत कमीपणा काहीच नाही. हक्क काढून घेतला की तिची वेठ होते.

तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. जिच्यात कोणाची हिंसा नाही, ती आजीविका शुद्ध. रान राखणे हे असेच काम आहे. परंतु पशुपक्ष्यांवर करुणा आणि राखणाऱ्याच्या घरी उपासमार, ही करुणा अर्धवट होय.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तेथे राखणारे आणि ठरवणारे एकच झाले.

मग आपण काय करावे? वनरक्षकाच्या भरतीसाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल वा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. मुलामुलींचे विषय निवडताना आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. शिकलेल्यांनी पाड्यांवर जाऊन वनहक्काचे अर्ज भरण्यास हातभार लावावा. जो स्वतः वतनाच्या वेठीतून सुटला, त्याने दुसऱ्याच्या वेठीकडे पाठ फिरवू नये. मैत्रीचा अर्थ याहून वेगळा काय असणार?

जय भीम!